श्रावणात रंगवलेली जीप

सावली गावाकडच्या त्या जीपची केस माझ्या मनातून अजून गेलेली नाही. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूर-गडचिरोली मिळून तेव्हा चांदा हा एकच जिल्हा होता आणि मी नवा सब-इन्स्पेक्टर.

फिर्यादी तलावात मासे धरणारा. त्याने आणि त्याच्या भावाने महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात निघालेली जुनी जीप घेतली होती. तिच्यातून मासे नागभीडच्या रेल्वे स्टेशनला न्यायचे, त्यावर दोन घरे चालत. श्रावणात मासे कोणी खात नाही, म्हणून जीप अंगणात उभी होती. ती गेली.

साखळीने का बांधली नाही, असे मी विचारले.

"मासोळीचा वास मारते साहेब, तिले कोन नेईन? पन पोळा झाला का मासोळी निंगते. गाडी नाई तं जागीच सडते."

जुन्या, वास मारणाऱ्या गाडीला कोणी हात लावणार नाही, असे सगळ्यांनाच वाटते. खरे उलटे आहे. नवी मोटार चोरली तर चार गावे ओळखतात. लिलावातल्या जीप सगळ्या सारख्या. एकीचे सामान दुसरीला बसते, आणि चालू करायला किल्लीही लागत नाही, नुसता खटका. जंगलकामात अशा गाडीला गिऱ्हाईक तयारच असे.

खबर कुरखेड्याकडच्या कोतवालाने दिली. पावसाळ्यात बांबूचा डेपो बंद, तरी आतून ठोकाठोक ऐकू येते. आम्ही गेलो. ताडपत्रीखाली हिरवीगार जीप, इंजिनाचा नंबर कानशीने घासलेला. डेपोचा मिस्त्री म्हणाला, गाडी माझी, आजवर फक्त बांबूच वाहिला. माझ्यासोबतचे जमादार दंडुका चाचपू लागले. मी आमच्या घरातला पहिला बी.ए.; माझा भरवसा प्रश्नांवर. मिस्त्रीला चहा पाजला आणि बोलता बोलता विचारले, श्रावण पाळता का?

"कडक, साहेब. मासोळीले हातबी नाई लावत."

"आणि गाडीत?"

"गाडीत तं कधीच नाई. श्रावण असो का नसो."

मागच्या फळीच्या सांध्यात रंग खडबडीत असल्याचे मी आधीच पाहिले होते. पंच बोलावले, चाकूने खरवडले. रंगाच्या पापुद्र्याबरोबर माशांचे खवले निघाले. पठ्ठ्याने सगळी गाडी घासून धुतली होती. तेवढ्या जागी मात्र वरूनच ब्रश फिरवला होता.

"खवले काऊन नाई काढले बे?" जमादारांनी विचारले.

"बाटलो असतो ना, साहेब."

"अन् चोरी चालते श्रावणात?"

मग मिस्त्रीनेच बांबूच्या थप्पीखालून जुनी नंबरप्लेट काढून दिली. ती चोरी मी एकही काठी न उगारता उघडकीस आणली, हे आजही अभिमानाने सांगतो.

पोळ्याआधी कोर्टाच्या हुकमाने जीप मालकाच्या ताब्यात गेली. मी त्याला इंजिनातला रोटर दाखवला. गाडी उभी केली की हा एवढासा तुकडा काढून खिशात टाकायचा, म्हणजे खटका कितीही दाबा, गाडी हलत नाही. शिवाय नजरेस न पडणाऱ्या दोन जागी आपली खूण कोरून ठेवायची. स्वस्त म्हणून कोणी नेणार नाही, या भरवशावर राहायचे नाही. महागाच्या वस्तूला माणूस कुलूप घालतो, पोट चालवणाऱ्या वस्तूला घालत नाही, हे मी त्या केसमध्ये शिकलो.

त्याने रोटर पानाच्या चंचीत टाकला आणि चंची कमरेला खोचली.

"आता नेऊ द्या गाडी," तो म्हणाला. "जीव माह्याजवळ हाये तिचा."