राधाकृष्णाची अर्धी दाढी

तिसगावात दाढी करावी तर राधाकृष्णाकडंच, हे माझं फार जुनं मत. आधी त्याचा बाप करायचा, आता तो करतो. हात असा हलका की गिऱ्हाइकाला झोप लागावी. पण लागत नाही. कारण त्याची खुर्ची. मान टेकायची फळी कधीच निखळलेली, ती सुतळीनं बांधलेली. गालाला वस्तरा टेकला की फळी मागं जाते आणि गिऱ्हाईक छपराच्या पत्र्याकडं बघत 'आरं, आरं' करतं.

नगरला त्यानं एका दुकानात फिरती खुर्ची पाहिली होती. पाय दाबला की वर, पाय दाबला की खाली. तेव्हापासून गड्याला दुसरं काही सुचेना.

दुकान रिकामं असलं की तो मोबाईलवर 'राजाराणी' नावाच्या कॅसिनोत चाक फिरवायचा. एका जीपवाल्यानं शिकवलेलं. रोज थोडे पैसे जायचे, मग थोडं कपाळ बडवायचं. अन् थंडीतल्या एका दुपारी, फुकट भेट मिळालेल्या फेरीत, चाक नेमकं मोठ्या बक्षिसाच्या मुकुटावर थांबलं. मी अर्धा फेसात होतो. राधाकृष्ण ओरडला, "आबा, खुर्ची आली!"

मी दाराकडं बघितलं. दारात कुत्रं होतं.

पैसे पडद्यावर आलेले, खिशात यायचे होते. 'पडताळणी चालू आहे,' एवढंच येत राहिलं. याचा जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी मढीच्या दिशेला हात जोडून म्हणाला, "कानिफनाथबाबा, पैसे हातात पडल्याबिगर ह्या गालाला वस्तरा लावनार न्हाई. पडले की रेवड्या वाहीन."

आता सांगा, जगाच्या दाढ्या करणाऱ्यानं असा नवस बोलावा का? हलवायानं साखर सोडल्यासारखं झालं ते.

दाढी हनुवटीखाली लोंबायला लागली तेव्हा राजाराणीचा निरोप आला. आधार कार्ड आणि आत्ताचा फोटो पाठवा. पाठवला. उत्तर आलं, 'चेहरा जुळत नाही.' कसा जुळावा? आधारवरचा राधाकृष्ण गुळगुळीत, अन् मोबाईलपुढं साधू बसलेला.

मदतीला तिथं कोणी 'मोनिका' होती. हा मोबाईलमध्ये बोलायचा, त्याचे शब्द उमटायचे.

"मोनिकाताई, त्यो मीच हाय. नवसाची दाढी हाय. पैसे द्या, लगेच काढतो."

'प्रिय ग्राहक, आपली अडचण आम्ही समजू शकतो. कृपया स्पष्ट फोटो पाठवा.'

"समजतंय तर मग द्या की!"

'प्रिय ग्राहक, आपली अडचण आम्ही समजू शकतो.'

समोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, कादरभाईंचं. ते म्हणाले, "राधाभाऊ, ती बाई न्हाई, मशीन हाय."

"कादरभाई, एवढा छळ मशीनला जमत न्हाई."

त्याची बायको ज्ञानेश्वरी डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "मशीनला ताई म्हनता व्हय? मला तर 'ए' म्हनून हाक मारता!"

इकडं गिऱ्हाईक हसायला लागलं. "सोताची हुईना, माझी काय करतो?" म्हणत एकेक जण स्टँडवरच्या सलूनकडं वळला. ज्ञानेश्वरी म्हणायची, "फिरत्या खुर्चीत बसवनार कुनाला? मला?"

एका बाजाराच्या दिवशी कादरभाई सहज म्हणाले, "एक गाल नाथांना ठेव, एक गाल मोनिकाला दाखव." माणूस थट्टा करत होता. राधाकृष्णानं डावा गाल साफ केला की हो! म्हणे, "अर्धी दाढी हाय म्हंजी नवस हायेच." डावा गाल मोबाईलपुढं धरला.

'कृपया पूर्ण चेहरा समोर धरा.'

मग बसला दात दुखत असल्यासारखा टॉवेल लावून. भरला बाजार! येणारा प्रत्येक जण लवंगेचं तेल लाव म्हणून सांगतोय. कुणीतरी सूज बघायला टॉवेल ओढला. एका बाजूनं जावई, दुसऱ्या बाजूनं बुवा! मी माझ्या जन्मात तसं दुसरं काही पाहिलं नाही.

तेवढ्यात ज्ञानेश्वरी आली. बघितलं. खुर्चीकडं बोट केलं. "बसा."

"अगं, नवस..."

"नाथांचं मी बघते. बसा."

स्वतःच्या खुर्चीत तो पहिल्यांदाच बसला असेल. तिनं फेस लावला, वस्तरा टेकवला, फळी मागं गेली आणि राधाकृष्ण पत्र्याकडं बघत म्हणाला, "आरं, आरं!"

"आता कळलं?" ती म्हणाली.

फोटो पाठवला. 'अभिनंदन! ओळख पटली.' राधाकृष्णानं उडीच मारली. पण खाली बारीक अक्षरं होती, ती कादरभाईंनी वाचली. जिंकलेली रक्कम भेट मिळालेल्या फेरीतली आहे, काढायच्या आधी तिच्या तीस पट पैशांचा खेळ खेळावा.

"परत वाचा," राधाकृष्ण म्हणाला. परत वाचलं. तेच होतं.

त्यानं मोबाईल तोंडापुढं धरला. "मोनिकाताई, दाढी गेली, नवस गेला. आता काय देऊ?"

'प्रिय ग्राहक, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?'

त्यानं जे दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. कादरभाईंनी हसू दाबत तो खेळ मोबाईलमधून काढून टाकला.

रंगपंचमीला मढीच्या यात्रेला नवरा-बायको निघाले, मीही त्याच जीपमध्ये. नवस मोडला म्हणून माफी मागायची होती. रेवड्या वाहिल्या, राधाकृष्ण बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला. परत येताना गाढवांच्या बाजारात ज्ञानेश्वरी एका दोरवाल्यापुढं थांबली आणि चांगलं दणकट दावं घेतलं.

"गाढवाचं दावं? काय करायचं?" त्यानं विचारलं.

"खुर्चीला. सुतळी टिकंना. आन् मालकाला शोभंल बी."

जीपभर लोक हसले. तोही हसला, जरा उशिरानं.

फळी तिनंच आवळून बांधली. काल मी दाढीला गेलो, मान टेकली, फळी हलली नाही. मग पुढचं काही आठवत नाही. जाग आली ती राधाकृष्णाच्या वैतागलेल्या आवाजानं.

"आबा, उठा की! दाढी कवाच झाली. घोरताय काय, मागं चौघं बसलेत."