खोलीच्या तापमानाची वाइन

अरविंदभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटणाचं वाटण भाजत होते. सुतक लागलं. गॅस बंद केला आणि आणलेलं मटण खालच्या शेजारणीला देऊन टाकलं. जाता जाताही माझं मटण बिघडवलंच, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. मुलांनो, तुम्ही टोरांटोहून म्हणालात, "आजी, अरविंदआजोबांवर काहीतरी छान लिही ना." छान बोलणारे शोकसभेत पुष्कळ होते. मी मला आठवतंय ते लिहिते.

तुमच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ. आर. के. पुरमच्या सरकारी घरातून दर रविवारी बायकोला, शैलाला घेऊन आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटवर जेवायला यायचे. दिल्लीत नाशिकची रेड वाइन मिळायला लागली तशी त्यांच्या पिशवीत बाटली दिसू लागली. नाशिक माझं माहेर. तिथली द्राक्षं, आणि ती कशी प्यायची ते भावजी मला शिकवणार. ग्लास नाकाशी धरून म्हणायचे, "जांभूळ येतंय, वहिनी? मागून काळी मिरी... आणि शेवटी ओल्या लाकडाचा वास." यायचा, खरं तर. मी म्हणायचे, "मला सर्दी आहे."

मग एके दिवशी वाइनवरून ते माझ्या पातेल्यावर आले. "वहिनी, तुमचा काळा मसाला वाइनला मारून टाकतो. तिखट अर्धं करा." तुमचे आजोबा भावाचा शब्द कधी मोडत नसत. "कर ना, त्याची एवढी हौस आहे." एका रविवारपुरतं केलं, ते कायमचं झालं. नंतर तुम्ही सुट्टीत येऊन तोच फिका रस्सा 'आजीचं मटण' म्हणून मिटक्या मारत खाल्लात. माझ्या आईच्या हातची चव माझ्यापर्यंत आली आणि माझ्याच टेबलावर अडली. हे मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि आता ते गेले म्हणूनही करणार नाही.

त्यात दिल्लीचा मे महिना. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची, असं ते कुठल्याशा विलायती पुस्तकात वाचून आले होते. ते पुस्तक लिहिणाऱ्याची खोली आणि आमची खोली यात फरक असेल, एवढं मला इंग्रजीत एम.ए. करून कळत होतं. इथे कूलर गरम हवा फेकायचा आणि वाइन काढ्यासारखी लागायची. मी बाटली फ्रीजमध्ये ठेवली की ते पाहुण्यांसमोर ती बाहेर काढत. "रेड गार करताय, वहिनी? अडाणीपणा आहे हा." त्यांच्या ऑफिसातले मित्र घाम पुसत म्हणायचे, "बिल्कुल सही, सर."

सुतक फिटल्यावर शैला एक बाटली घेऊन आली. "ताई, ही तुमच्याकडे आणायची म्हणून ठेवली होती त्यांनी."

"माझा एखादा धडा राहिला असेल."

शैला बऱ्याच दिवसांनी हसली. "घरी फ्रीजमध्येच ठेवायचे हो. तुमच्याकडे यायचं असलं की सकाळीच बाहेर काढायचे."

इतकी वर्षं... आणि एकदाही म्हणाले नाहीत.

गेल्या रविवारी मी आईच्या प्रमाणात तिखट घालून मटण केलं. बाटली छान गार केली. पहिला घोट सुरेख लागला. जांभूळ, मिरी, सगळं जिथल्या तिथे. मग रश्श्यात बुडवलेला भाकरीचा घास घेतला आणि त्यावर दुसरा घोट. जिभेला आग लागली, वाइन कडू झाली. भावजींचं बरोबर होतं. मी ग्लास बाजूला सरकवला आणि मटण पोटभर जेवले. पुढच्या सुट्टीत तुम्हाला हेच मिळेल. नाकातून पाणी आलं तर ताक देईन, तिखट कमी होणार नाही.

उरलेली बाटली फ्रीजच्या दारात आहे. आता ती आंबत चालली असणार. दूध काढायला दार उघडलं की शेजारच्या बरणीवर आपटते आणि मला भावजी ऐकू येतात, "गार करताय, वहिनी?"

"हो," मी म्हणते, आणि दार लावून घेते.