जायफळाचं आळं

झाडाला पाणी किती द्यायचं, हे मला कुणी शिकवू नये. सोनईच्या बाजूला आमच्याकडे पाण्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसतात; तिथे चाळीस वर्षं मी बागा जगवल्यात. म्हणून गेल्या हिवाळ्यात डाळिंबाची पानं पिवळी पडायला लागली आणि सून म्हणाली, "आबा, पानी जास्त व्हतंय, मुळ्या कुजत्यात," तेव्हा मी तिच्यावर खेकसलो. काल आलेली पोर मला शेती शिकवते! मुद्दाम ठिबक रोज तासभर जास्त चालवलं. बागेत मात्र दिवसाआड एखादं झाड मान टाकायचं.

पंधरा दिवसांनी तिनेच मला आणि बायकोला चार दिवस कोकणात पाठवायचा घाट घातला. समुद्र बघा, जुने राजवाडे बघा, बागेचं मी बघते, म्हणाली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पहिल्या दिवशी टेकडीवरचा राजवाडा पाहिला. खिडक्यांतून समुद्र दिसतो आणि आत खुर्च्यांना दोऱ्या बांधलेल्या, कुणी बसू नये म्हणून. बायको प्रत्येक पलंगापाशी थांबून "हे पुसतं कोन?" एवढंच विचारत होती. बाहेरची बाग देखणी, पण एवढ्या जागेत एक मिरचीचं रोप नाही.

दुसऱ्या दिवशी खाडीकाठचं एका जुन्या व्यापाऱ्याचं घर बघायला गेलो. घर मी भरभर उरकलं आणि मागच्या बागेत शिरलो. तिथे घराइतकंच जुनं जायफळाचं झाड होतं. पानं पिवळी, अगदी माझ्या डाळिंबासारखी. बुंध्याला मातीचा उंचवटा केलेला आणि पाटाचं पाणी बाजूने उताराला निघून चाललेलं. माझा जीव तिळतिळ तुटला.

"अवं, हे आपलं वावर न्हाई," बायको म्हणाली. तोवर मी चपला काढून भिंतीला टेकवलेलं खोरं उचललं होतं. उंचवटा ओढून झाडाभोवती छान गोल आळं केलं, पाट फोडून त्यात पाणी घेतलं. आळं भरलं तेव्हा फार बरं वाटलं.

तेवढ्यात तिथला माळी आला. माझ्याच वयाचा. ओरडला नाही. माझ्या हातातलं खोरं घेऊन त्याने आधी आळं फोडलं, पाणी बाहेर काढलं. मग खाली बसून बोटांनी माती उकरली आणि एक मुळी वर ओढली. ती काळी पडली होती. साल त्याच्या चिमटीत सुटून आली, कुजका वास नाकात गेला.

"पावणे," तो म्हणाला, "पावसात हे पाण्यात बुडालं, म्हणून पाणी बाहेर वळवलंय. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं. उकरून बघावं लागतं. तुम्ही तुमच्याकडे बघता ना?"

मी बघितलं नव्हतं. सून सांगत असताना एका झाडाचीही माती मी उकरली नव्हती. लाज वाटली, आणि ती लपवायलाही जमलं नाही. पण चुकलं तर चुकलं म्हणायला मी कधी लाजलो नाही. चिखलाच्या हातानेच तिथून सुनेला फोन लावला.

"ठिबक बंद कर," मी म्हणालो. "तुझं बरोबर होतं."

"आबा, तुमी गाडीत बसले तवाच बंद केलं. मुळ्या बी उकरून बघितल्या. झाडांच्या वरच्या चार वळी वाचतील."

"आणि खालच्या?"

"खालच्या गेल्या, आबा."

पंधरा दिवस आधी ऐकलं असतं तर, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.