मुनीर परकार आणि वादी सिद्रचं पाणी

आमच्या अजमानच्या बिल्डिंगमधून सकाळी सगळ्यांत आधी बाहेर पडायची ती मुनीर परकारांची पांढरी पिकअप. मागे खुबूसच्या रोट्यांचे क्रेट, कांद्याबटाट्यांची पोती, डिझेलचे कॅन आणि कुणीतरी आठवणीने मागवलेली खोकल्याच्या औषधाची बाटली. हे सगळं घेऊन ते फुजैराच्या मागच्या डोंगरांत जायचे. तिथे वाद्या आहेत. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. वर्षभर नुसते गोटे. काठाकाठाने खजुराच्या बागा आणि शेळ्यांचे वाडगे, आणि ते राखायला परमुलखातून आलेली माणसं. दुकान लांब, गाडी कुणाकडेच नाही. त्यांचं दुकान म्हणजे मुनीरभाई.

मूळचे दाभोळचे. पंचविशीत इकडे आखातात एका बेकरीत कामाला आले, मग लायसन काढलं, मग कफिलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, नावावर ही पिकअप. बायको जैनब आणि मुलगी सफा इथेच, आमच्या वरच्या मजल्यावर. मी जबल अलीला एका वेअरहाउसच्या ऑफिसात आहे. संध्याकाळी लिफ्टमध्ये भेट व्हायची. माणूस तोंडाने अखंड चालू. "ताई, आज एका शेळीने माझा अख्खा क्रेट फस्त केला, बोला!" अशी रोज एक गंमत. सफा कंटाळून म्हणायची, "पप्पा, प्लीज, नॉट अगेन." ते आणखीच रंगवून सांगायचे.

एप्रिलमधल्या त्या पावसानंतर हा माणूस बोलायचा थांबला. पुढचं मला कळलं ते तुकड्यातुकड्यांनी, काही त्यांच्याकडून, काही जैनबभाभींकडून.

ईद होऊन आठवडाही झाला नव्हता. मोठा पाऊस येणार म्हणून सगळ्यांचे फोन सारखे वाजत होते. आमच्या ऑफिसने घरूनच काम करा म्हणून सांगितलं. मुनीरभाई मात्र आदल्या दिवशीची उरलेली एकच फेरी करून लगेच येतो म्हणून निघाले. रस्ते बंद झाले तर वादी सिद्रच्या लोकांकडे रोटी उरणार नाही, एवढाच विचार.

वादी सिद्रला खालच्या अंगाला एक बाग आणि मजुरांची पत्र्याची खोली होती. वर, डोंगराच्या खांद्यावर, उम्म खमीस नावाच्या म्हाताऱ्या अरब बाईचं दगडी घर. तिची मुलं शहरातल्या नव्या घरांत गेली होती. ही शेळ्या सोडून हलायला तयार नव्हती. बागेचा पंप बघायचा अबुजर. पाकिस्तानात, चित्रालच्या वरच्या अंगाला, जिथे थंडीत महिनोन्महिने बर्फ पडून असतो, तिथला. मुनीरभाईंची आणि त्याची खास दोस्ती. दोघेही चहा करण्यावरून भांडायचे.

पाऊस सुरू झाला तेव्हा पिकअप बागेजवळच उभी होती. क्रेट उतरवणं चालू होतं. आभाळ हिरवट काळं झालं. गारा आल्या. मजूर पोरांसारखे हसत गारा वेचायला लागले. मुनीरभाईही फोनवर शूटिंग करत होते, सफाला दाखवायला.

अबुजर तेवढा हसत नव्हता. तो डोंगराकडे कान लावून उभा होता.

"मुनीरभाई, गाडी छोडो. सब ऊपर चलो."

"अरे, पाणी तर घोट्याएवढंही नाही."

"पानी नहीं, पहाड. मैं यह आवाज जानता हूँ."

त्याच्या गावावर लहानपणी हिमकडा कोसळला होता. आईबाप त्यात गेले. धाकट्या बहिणीला, माहनूरला, त्याने स्वतःच्या हातांनी उकरून बाहेर काढलं होतं. हे मुनीरभाईंना माहीत होतं. त्यांनी पुढे वाद घातला नाही. सगळे उम्म खमीसच्या घराकडे चढायला लागले. म्हातारी वरून हात हलवून लवकर चढा म्हणून ओरडत होती, "यल्ला! यल्ला!"

निम्म्यावर आल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, मोईन नाही. मोईन हा बांगलादेशी मजूर, तापाने फणफणून खोलीत झोपला होता. अबुजर मागे फिरला. मुनीरभाई त्याच्यामागे थोडे खाली उतरले आणि एका कपारीशी थांबले. अबुजर मोईनला पाठीवर घेऊन खोलीतून बाहेर आला, घसरत, धापा टाकत कपारीखाली पोचला आणि त्याने मोईनला वर ढकललं. मुनीरभाईंनी दोन्ही हातांनी मोईनची मनगटं धरून त्याला ओढून घेतलं. मग त्याला बाजूला टेकवून त्यांनी हात पुढे केला.

खाली अबुजर नव्हता.

"ताई, मी बघत होतो," मुनीरभाई मला म्हणाले. "डोळे उघडे होते माझे. तो होता, आणि मग तो जिथे उभा होता ती जागाच नव्हती. दरड आली की पाणी आलं, आधी काय आलं, मला आजही सांगता येत नाही. तो ओरडलासुद्धा नाही."

चिखल, गोटे, खजुराची आख्खी झाडं, पत्र्याची खोली, सगळं एकत्र खाली गेलं. पिकअप आडवी झाली आणि पाण्यात गेली. वायरिंगचं काय झालं कोण जाणे, तिचा हॉर्न वाजायला लागला आणि वाजतच राहिला. गाडी दिसत नव्हती, पाण्यातून नुसता हॉर्न ऐकू येत होता, खाली खाली जाणारा. मुनीरभाई मोईनला धरून तिथेच बसून राहिले. त्यांना उठवायला शेवटी बाकीच्यांना खाली यावं लागलं.

वर उम्म खमीसने त्या भिजलेल्या माणसांना आपल्या मेलेल्या नवऱ्याचे झगे घालायला दिले. मोईनला आपल्या गादीवर निजवलं. शेळी कापायला लावली, भात शिजवला. फोनला रेंज नव्हती, वीज नव्हती. वादीचा रस्ता उरलाच नव्हता. जगापासून तुटलेल्या त्या डोंगरावर पहिली मदत आली ती त्या म्हातारीच्या चुलीवरून. मुनीरभाईंच्या समोर तिने ताट ठेवलं. ते ताटाकडे बघत राहिले.

"कुल!" ती ओरडली. "खा! तू उपाशी राहून तो परत येणार आहे का?"

त्यांनी एक घास तोंडात घातला. तो गिळायचा कसा हेच त्यांना आठवेना.

इकडे आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यात पाणी भरलं होतं. लिफ्ट बंद होती. जैनबभाभी जिन्यात बसून एकसारखा नंबर फिरवत होत्या. सफा एरवी इंग्लिशशिवाय तोंड उघडत नसे, त्या दिवशी माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "आंटी, माझे पप्पा कुठे आहेत?" मी तिला आत घेतलं एवढंच.

आभाळ उघडल्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर त्या डोंगरावर आलं. आधी पाणी आणि खाण्याची खोकी उतरवली, मग मोईनला उचललं, मग एकेक करून बाकीच्यांना. उम्म खमीसने जवानांना साफ सांगितलं, "शेळ्यांना नेणार असाल तर मी येते." मग तिच्यासाठी औषधं आणि पीठ तिथेच ठेवून ते निघाले. मुनीरभाईही आत बसायला तयार नव्हते. खाली बोट दाखवून ते एवढंच म्हणत होते, "एक आदमी बाकी आहे." मराठीत, हिंदीत, मोडक्या अरबीत. एका जवानाने त्यांचे खांदे धरले आणि सांगितलं, "हबीबी, शोध चालू आहे. तू बस."

घरी आले ते कुणा परक्याच्या झग्यात, अनवाणी. सफा गळ्यात पडली तर तिच्या पाठीवर हात ठेवायचंही भान त्यांना नव्हतं. नंतरचे दिवस ते बाल्कनीकडे पाठ करून बसायचे. खाली रस्त्यावर कुणी हॉर्न दिला की अंगभर दचकायचे आणि कप खाली ठेवायचे. जैनबभाभींनी डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, वेळ लागेल. आम्ही सगळे मान हलवत होतो. काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं.

धरणाच्या जाळीशी, वादीच्या पार खालच्या टोकाला, शोधपथकाला अबुजर सापडला. ओळख पटवायला मुनीरभाईंना बोलावलं. जैनबभाभी म्हणाल्या, जाऊ नका, दुसरं कुणी जाईल. ते गेले. परत आल्यावर त्यांनी माझ्याकडे येऊन विचारलं, "ताई, त्याच्या बहिणीला फोन करायचाय. शेजारी बसाल?"

आम्ही त्यांच्या हॉलमध्ये बसलो. जैनबभाभी, मी आणि ते. फोन स्पीकरवर होता. पलीकडे माहनूर. आवाज येत होता, तुटत होता. मुनीरभाईंनी सांगितलं. कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही; त्यांची वाक्यं अर्धी व्हायची आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. आम्हाला वाटलं लाइन गेली.

मग तिने विचारलं, "पानी ठंडा था क्या?"

मी जैनबभाभींकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडावर धरला होता. बर्फाखालून जिवंत निघालेल्या बाईला पहिला प्रश्न हाच पडणार, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नसतं.

"नहीं बहन," मुनीरभाई म्हणाले. "ठंडा नहीं था." आणि माझ्याकडे वळून पुन्हा, जणू मी ते खोटं ठरवणार होते, "खरंच नव्हतं ताई. थंड नव्हतं."

माहनूर रडली नाही. ती सांगत राहिली, की तिकडेही पाऊस आणि हिमकडे एकदमच आलेत. गावात यायचा रस्ता बर्फाखाली आहे, खालचा पूल वाहून गेला आहे. घरांत पीठ संपत आलं आहे. भावाला आणलंत तरी गावापर्यंत कसं आणणार? तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मुनीरभाई फोनकडे बघत बसले होते. आपण इकडे एका डोंगरातून सुटलो आणि त्याच दिवसांत त्याच्या घरचाही डोंगर खाली आला, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. "तिथेपण?" ते मला विचारत होते. "तिथेपण, ताई?"

पण त्या फोननंतर ते उठले. बाल्कनीत जाऊन दोन मिनिटं उभे राहिले आणि खाली गेले. आपण भारतीय, तिकडे पाऊल टाकता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते गेले त्या डोंगरात माल पाठवणाऱ्या दुकानदारांकडे: मलबारी, पठाण, बंगाली, आमचे रत्नागिरीचे दोघे. प्रत्येकापुढे तेच सांगितलं, "अबुजरच्या गावात पीठ नाही." शहरातला अबुजरचा चुलतभाऊ शवपेटीबरोबर जाणार होता. लोकांनी जे जमवलं ते त्याच्या हातात दिलं. तिकडे रस्ता जिथे संपत होता त्या बाजारगावात उतरून त्याने पीठ, तेल, मीठ घेतलं आणि गावाला निरोप धाडला.

गावातले पुरुष हिमकड्यांच्या ढिगाऱ्यावरून चालत शवपेटी न्यायला खाली आले. अर्ध्यांनी अबुजरला खांद्यावर घेतलं. अर्ध्यांनी पिठाची पोती घेतली. चुलतभावाने ते शूटिंग मुनीरभाईंना पाठवलं. पांढऱ्याशुभ्र उतारावर माणसांची एक रांग, पुढे पेटी, मागे पोती. जैनबभाभींनी मला ते दाखवलं. मुनीरभाईंनी एकदाच बघितलं आणि फोन उलटा ठेवला.

मोईन बरा होऊन मायदेशी गेला. कफिलाने मुनीरभाईंना दुसरी पिकअप दिली, पण उन्हाळा सरेपर्यंत ते शहरातच माल पोचवत राहिले. वादी सिद्रचा रस्ता पुन्हा झाल्याचं कळलं, त्या शुक्रवारी ते म्हणाले, "ताई, येता का? एकट्याने होणार नाही." मी गेले, जैनबभाभी आणि सफाही आल्या.

नवा रस्ता काळा कुळकुळीत होता. मुनीरभाई गाडी हळू हळू नेत होते आणि एका ठिकाणी त्यांनी ती थांबवली. खाली उतरले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बाग नव्हती, खोलीचा पाया नव्हता, ती कपारही नव्हती. धुतलेले पांढरे गोटे तेवढे पसरले होते.

"इथेच होतं ना?" ते मला विचारत होते. मी तर पहिल्यांदाच आले होते. "ताई, इथं माणसं राहत होती. मी रोज यायचो. मला जागा सापडत कशी नाही?"

सफाने त्यांचा हात धरला. "पप्पा, चला," ती मराठीत म्हणाली.

वरून उम्म खमीस ओरडत होती. इतके महिने कुठे मेला होतास, असं काहीतरी. मुनीरभाईंनी मागचं फाळकं उघडलं, खुबूसचा क्रेट खांद्यावर घेतला आणि ते चढायला लागले.