सकीनाचा लाल घाणा

मांडव्याच्या जेट्टीवर रो-रो बोटीतून उतरत होते, तेवढ्यात नाझनीनचा फोन आला. "कुंदामावशी, अम्मी गेल्या... सकाळी चहा मागितला, आणि बसल्या बसल्याच..." नाझनीन म्हणजे माझ्या सकीनाची सून. माणसं, गाड्या माझ्या बाजूने निघून गेल्या आणि मी बॅग धरून तिथेच उभी. रडू नंतर आलं. आधी मनात काय आलं, सांगू? आता लाल घाणा कोण काढणार! दिवाळी तोंडावर आलेली, आणि ही बाई मध्येच उठून चालती झाली. रागच आला मला तिचा.

लाल घाणा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे खारजमिनीत राता नावाचा लाल भात होतो. त्याचे पोहे जाडे, तांबूस, सावकाश चावून खायचे. नारळाच्या घट्ट रसात गूळ आणि किंचित मीठ घालून ते भिजवायचे... अहाहा! लहानपणी आम्हा दोघींच्या घरी न्याहारी हीच, आणि दिवाळीच्या पहिल्या सकाळी तर नव्या भाताचे लाल पोहेच लागत. मग पातळ पांढरे पोहे आले, बिस्किटं आली, ओट्स आले. आमच्या भागात पोह्यांची गिरणी एकच, दत्ताभाऊंची. रात्याचा एक घाणा, म्हणजे एक भट्टीभर पोहे, काढला की भट्टी आणि रूळ तांबडे होतात, ते घासून धुतल्याशिवाय पुढचे पोहे पांढरे निघत नाहीत. त्यात अर्धा दिवस मोडतो. म्हणून दत्ताभाऊंचं ठरलेलं, भट्टी भरेल एवढा राता जमला तरच लाल घाणा, नाहीतर पांढऱ्यावर भागवा.

तो राता जमवायची सकीना. कापणी उरकली की माझ्या दारात हजर. "चल गो कुंदे, स्कूटर काढ!" ओढणी घट्ट खोचून मागे बसायची आणि रेवदंड्यापासून नागावपर्यंत घरं पालथी घालायची. कुणाकडून पोतं, कुणाकडून अर्धं. एका नव्या सुनेने तिला कौतुकाने ओट्सचा डबा दाखवला. सकीना म्हणाली, "बये, हे बग्गीच्या घोड्यांना घाल. माणसांचं खाणं आमच्याकडं हाय!" मी शरमेने अर्धमेली, पण ती सून हसत हसत पोतं द्यायला कबूल झाली. निवडणुकीला उभी राहिली असती तर ही बाई सहज निवडून आली असती, एवढं मात्र खरं.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र तिचं काही चालत नसे. दोह्याहून मुलाने दुधात घालून खायच्या चॉकलेटच्या कुरकुरीत गोळ्यांचे चकचकीत खोके आणले, आणि नातवंडांनी लाल पोह्यांकडे पाठ फिरवली. पनवेलच्या नाझनीनला तर ते कधीच आवडले नव्हते. चिडून सकीनाने वाटीभर गोळ्या कोंबड्यांपुढे फेकल्या. कोंबड्यांनी चट्टामट्टा केला! "कोंबड्या पण फितूर झाल्या गो," म्हणत ती माझ्याकडे येऊन बसली आणि आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पण मग डोळे पुसत म्हणाली, "एक वर्ष घाणा चुकला ना कुंदे, की पुढच्या वर्षी कुणाला आठवण पण ऱ्हाणार न्हाय."

ते वाक्य मला झोपू देईना. तिच्यामागे यंदा मी एकटीच निघाले. पण तिची जीभ माझ्याकडे कुठली? लोक चहा पाजत, तिच्या आठवणी काढत, हळहळत... आणि भात व्यापाऱ्याला घातल्याचं सांगत. शेजारच्या सुमनवहिनींनी तर, "आता कशाला तो खटाटोप? सकीनासाठी लाल पोहे घेत होतो," म्हणून हातच झटकले. जमली ती दोन-चार पोती. घाणा होणार नाही हे सांगायला मी पाय ओढत गिरणीवर गेले.

दारात टेम्पो उभा! त्यावर सकीनाच्या शेतातला सगळाच्या सगळा राता, आणि पदर खोचून पोती उतरवून घेणारी नाझनीन. "मला नाय आवडत ते पोहे, मावशी, खरं सांगते," ती म्हणाली. "पण घाणाच निघाला नाय, तर अम्मी पुरत्याच गेल्या ना." मी तिला तिथेच मिठी मारली. भट्टी भरली, पेटली, भाजक्या भाताचा तो वास सुटला आणि आम्ही दोघी लाल पोह्यांच्या गरम राशीपाशी खुळ्यांसारख्या हसत-रडत उभ्या राहिलो.

घाणा संपला. कामगार पाण्याच्या बादल्या आणि घासण्या घेऊन आले, तर दत्ताभाऊंनी त्यांना हाताने थांबवलं. आयुष्यभर त्या धुण्यावरून सकीनाशी भांडलेला हा माणूस. खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी तोंड पुसलं, की डोळे, कोण जाणे. म्हणाले, "यंदा धुवायचं न्हाय. तसंच चालवा."

दिवाळीच्या पहिल्या सकाळी सुमनवहिनी ताटली घेऊन तावातावाने माझ्याकडे आल्या. "बघा हो कुंदाताई, पांढरे पोहे सांगितले होते, आणि हे लालसर कसे? अख्ख्या आळीत असेच आलेत!"

मी ताटलीतले चिमूटभर उचलून तोंडात टाकले.

"सकीना येऊन गेली असेल," म्हटलं. "खा मुकाट्याने."