जर मुतला

नोकरीच्या पहिल्या वर्षी, दोन हजार सालाच्या आगेमागे, मुरबाडच्या एका दवाखान्यात मला एकच खोड होती. पेशंट आला की खालची पापणी ओढून डोळे बघायचे. पिवळे असले तर कावीळ, नसले तर लिव्हर ठणठणीत. इतका सोपा नियम मला फार आवडायचा.

वैशाखरे गावाहून एक सासू आपल्या आठ महिन्यांच्या गरोदर सुनेला घेऊन आली. ताप, उलट्या, नुसती पडून. मलेरिया निघाला नाही. डोळे पांढरेशुभ्र. तिसऱ्या दिवशी तिच्या ओठावर बारीक फोड उठले, तशी सासूची कळी खुलली.

"बाय, जर मुतला! ताप गेला आता. आमी घरी नेतो."

तापात ओठावर फोड आले की जर, म्हणजे ताप, मुतून बाहेर पडला, असं गावोगाव मानतात. माझी आईसुद्धा म्हणायची. मीही हसले आणि डिस्चार्जचा कागद लिहायला घेतला.

तेवढ्यात, शिरस्त्याप्रमाणे तिचं रक्त पाठवलं होतं त्या कल्याणच्या लॅबमधून फोन आला. चाळीसच्या आसपास हवेत ते लिव्हरचे आकडे हजारांत, काविळीचा आकडा मात्र जवळजवळ नॉर्मल. नमुने बदलले असणार म्हणून मी लॅबवाल्याला झापलं. "मॅडम, दोनदा लावलंय," तो म्हणाला. वॉर्डात गेले तर सूनबाई स्वतःच्या गावाचं नाव सांगताना अडखळत होती. मी घाबरले, आणि खरं सांगायचं तर तितकीच चक्रावले. पिवळेपणा नाही आणि लिव्हर निकामी होतंय, इतकं की मेंदूपर्यंत पोचलंय, हे कसं?

मुंबईला माझ्या सरांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "अंगावर कुठे फोड आहेत का?"

ओठावर आहेत, मी म्हणाले.

"मग हर्पीसचा विषाणू असू शकतो, तसे फोड त्याचेच असतात. गरोदरपणी क्वचित तो लिव्हरवर जातो, आणि कावीळ दिसतच नाही. तपासणीची वाट बघू नकोस. त्यावरचं औषध, असायक्लोव्हिर, शिरेतून, लगेच."

ते इंजेक्शन आमच्याकडे नव्हतं. कल्याणला तयार ठेवायला सांगून मीच अँब्युलन्समध्ये बसले. पहिला डोस तिथे दिला, पुढचे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात.

दोन महिन्यांनी सासू आली. मागे सून, अशक्त पण चालत. सासूने तान्ही नात माझ्या मांडीवर ठेवली. "तुमी वळखलंत म्हनून हायत ह्या दोघी."

मला ते ऐकवेना. "आजी, मी तुमच्या सुनेला घरी पाठवत होते. कागदसुद्धा लिहायला घेतला होता."

"मीबी तर नेतच होते गो," ती म्हणाली, आणि आम्हा दोघींनाही रडू फुटलं.