दोऱ्यापर्यंत पाणी

"मामा, आई गेली... चहा घेता घेता." भाचीचा, वैशालीचा, फोन आला त्याला आता महिना होईल. हृदयविकाराचा झटका. भेटायला आलेल्यांनी मात्र आधी हेच विचारलं, की जुना कॅन्सर उलटला का? तो उलटला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी जळगावात रेडिएशन सुरू झालं. पहूरहून ती एसटीने येई. मी स्टँडवर घ्यायला जाई. पहिल्या दिवशी तंत्रज्ञाने विचारलं, "मावशी, पाणी प्यायलात ना? लघवी धरलीय ना?" परक्या पुरुषाच्या या प्रश्नावर अक्काने नुसती मान हलवली. सकाळपासून तिच्या पोटात थेंब नव्हता. आमच्याकडे बायका प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाहीत. वाटेत जायचं कुठे? मशीनवरच्या फोटोत सगळं उघड झालं आणि तिला टेबलावरून उतरवलं.

डॉक्टरबाईंनी समजावलं, "मूत्राशय रिकामं असलं की आतडी खाली, किरणांच्या वाटेत येतात. भरलं की वर सरकतात."

"सरकीसन कथा जातस?" अक्काने विचारलं. ती सरकून कुठे जातात, ते बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं.

"आणि नाही सरकली तर?" मी विचारलं.

"भाजू शकतात. जुलाब, रक्त... कधी वर्षांनीही त्रास निघतो."

अक्का चित्राकडे बघत राहिली. "म्हणजे भरीत बंद?"

"भरिताचं नंतर बघू. आधी पाणी."

रोज सारखंच पाणी हवं, म्हणून तिने पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीला लाल दोरा बांधला. दवाखान्यात पोचली की दोऱ्यापर्यंत प्यायची आणि नंबर येईपर्यंत बाकावर बसायची. शेजारी बसलेल्या वरणगावच्या एका पेशंट बाईला तिने विचारलं, "पाणी प्यायलीस?" बाईने मान हलवली. "मान नको हालवू, बाई. मी बी हालवेल शे." बाई तोंडाला पदर लावून हसली आणि बाटली मागून घेतली.

तिसऱ्या आठवड्यात अक्काला जुलाब झाले. काही दिवस नुसता ताक-भात. पुढे आतडी शाबूत राहिली. त्यात दोऱ्याचा वाटा किती, हे मी डॉक्टरबाईंना दोनदा विचारलं. एका माणसावरून सांगता येत नाही, असं त्या दोन्ही वेळा म्हणाल्या. त्या हिवाळ्यात अक्काने भरीत खाल्लं, तेही दोनदा वाढून घेऊन.

दिवसकार्य आटोपून वैशाली आणि मी पहूरच्या स्टँडवर उभे होतो. ती धुळ्याला, सासरी निघाली होती. मी पाणी पुढे केलं.

"नको मामा, गाडीत बसायचंय."

बाटली अक्काचीच होती. वैशालीने दोरा पाहिला... आणि तिथपर्यंत प्यायली. मग स्वतःच कंडक्टरकडे गेली. "दादा, वाटेत बायकांसाठी गाडी कुठे थांबवाल?"